खेळातील गाव

अनंत चतुर्दशीची रात्र सरत आली होती. गणरायाला निरोप देऊन गावकरी उशिरा घरी परतले होते आणि थकल्या अंगाने गाढ झोपी गेले होते. दिवस उजाडणार होता तो ३० सप्टेंबर १९९३ चा. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे झाली आणि लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरातील भूमी एकाएकी हादरली. काही क्षणांतच लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे होत्याची नव्हती झाली. सुमारे १० हजार माणसे प्राणांस मुकली.

या संकटाचा विचार करताना एक गोष्ट मनाला फार लागते. या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या सुमारास होती. जगात याहून मोठे भूकंप कित्येक वेळा होतात आणि तरीही इतकी प्राणहानी होत नाही. मग येथेच एवढा अनर्थ का घडला? भूमी दुभंगून तिने माणसांना पोटात घेतले, असे घडले नव्हते. माणसे दगावली ती बहुतांशी स्वतःच्याच घराखाली.

मराठवाड्यातील जुने घर हे उन्हाशी झुंजण्यासाठी बांधलेले घर होय. रुंद दगडी भिंती, दगड सांधण्यास माती, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचे जाड माळवद. वैशाखाच्या वणव्यातही अशा घरात गारवा राही. माळवद गळू नये म्हणून त्यावर मातीचा नवा थर टाकण्याची रीत होती. त्यामुळे छताचा भार वर्षानुवर्षे वाढतच जाई. भिंत बाहेरून एकसंध दिसे. परंतु मुळात त्या दोन भिंती असत. एक आतल्या तोंडाची, दुसरी बाहेरच्या तोंडाची आणि दोहोंच्या मध्ये गोटे व माती. या दोन तोंडांना जोडणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत. भूमी हलताच दोन्ही तोंडे एकमेकांपासून सुटली, भिंत फुगली, ढासळली आणि वरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. ‘जाड भिंत ती बळकट भिंत’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास त्या पहाटे खोटा ठरला.

निसर्गाने दिलेला हा धडा खराच होता. पण त्याची गुरुदक्षिणा हजारो प्राणांची होती. प्राणांचे मोल न देता असा धडा शिकता येईल काय? जेथे घर कोसळावे, पण कोणाला साधा ओरखडाही उठू नये. जेथे चूक व्हावी, पण ती पुन्हा सुधारता यावी, अशी एखादी जागा असू शकेल काय? अशी जागा आहे. तिचे नाव खेळ.

‘खेळ पुरे झाला, आता अभ्यासाला बसा,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यातही संगणकावरील खेळ, ज्यांस सर्वत्र व्हिडिओ गेम म्हणतात, त्यांचे नाव काढताच वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. ही आठी अगदीच निराधार नाही. तथापि खेळ आणि अभ्यास यांचे वैर मुळातले नव्हे. महाराष्ट्रात फार पूर्वीपासून ‘मोक्षपट’ नावाचा खेळ खेळला जात असे. तो संत ज्ञानेश्वरांनी रचला, असे परंपरा सांगते. आजची मुले सापशिडी म्हणून जो खेळ खेळतात, त्याचेच हे जुने रूप. त्यात सद्गुणांच्या शिड्या असत आणि दुर्गुणांचे साप असत. कवड्या टाकता टाकता, कोणते वर्तन वर नेते आणि कोणते खाली आणते, हे खेळणाऱ्याच्या मनावर ठसत जाई. पट कापडाचा असो की संगणकाच्या पडद्याचा, खेळाने शिकवण्याची कल्पना एकच आहे.

संगणकाच्या युगात ही कल्पना एका शाळेतील शिक्षिकेने प्रत्यक्षात उतरवली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९६४ साली अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात मेबल ॲडिस या शिक्षिकेने संगणकाच्या जाणकारांच्या साहाय्याने ‘सुमेरियन गेम’ नावाचा खेळ सिद्ध केला. त्या काळचे संगणक खोली भरून टाकण्याएवढे प्रचंड असत. मुले टंकलेखन यंत्रासारख्या उपकरणापुढे बसत आणि ते उपकरण दूरध्वनीच्या तारेने दूरच्या संगणकाशी जोडलेले असे. या खेळात मुलाने लगाश या प्राचीन नगरीचा राजा व्हावयाचे. कोठारात अमुक इतके धान्य आहे. त्यांपैकी प्रजेला खावयास किती द्यावे, पेरणीसाठी किती राखावे आणि पुढील वर्षाची शिल्लक किती ठेवावी, हे राजाने ठरवावयाचे. बियाणेच खाऊन टाकले, तर पुढच्या हंगामात प्रजा उपाशी मरे. शेतकऱ्याच्या मुलाला या खेळाचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे १९७१ साली त्याच देशातील मिनीॲपोलिस शहरी डॉन रॉविच या तरुण शिक्षकाने आपल्या दोन मित्रांच्या मदतीने ‘ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ वर्गात आणला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कुटुंबे छप्पर घातलेल्या गाड्यांतून हजारो मैलांचा प्रवास करून पश्चिमेकडे वसाहत करण्यास जात. वाटेत रोगराई, उपासमार, नद्यांचे पूर अशी संकटे येत. अन्नावर किती खर्च करावा, कपड्यांवर किती, याचा निर्णय मुलांनी घ्यावयाचा. मुले एका यंत्राभोवती गटाने बसत. कोणी नकाशा पाही, कोणी खर्चाचा हिशेब ठेवी. या खेळाच्या इतिहासातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काही वर्षांनी रॉविच यांनी त्या प्रवाशांच्या खऱ्या दैनंदिन्या वाचल्या आणि वाटेत कोणते संकट किती वेळा येत असे, हे पाहून खेळ सुधारला. ज्यांनी दुःख भोगले, त्यांच्या शब्दांनी खेळ अधिक खरा झाला.

या दोन्ही खेळांत दुष्काळ आला, माणसे दगावली. पण ती कागदावर. चुकीचे फळ मात्र मुलांनी डोळ्यांनी पाहिले. हाच मार्ग आपत्तीच्या शिक्षणातही उपयोगी पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्तीनिवारणाचे काम पाहणाऱ्या विभागाने २००७ साली मुलांसाठी ‘स्टॉप डिझास्टर्स’, म्हणजे ‘आपत्ती थांबवा’, हा संगणकावरील खेळ तयार केला. त्यात भूकंप, पूर, त्सुनामी, चक्रीवादळ आणि वणवा अशी पाच संकटे आहेत. खेळणाऱ्याच्या हाती एक गाव, ठरावीक पैसा आणि ठरावीक वेळ असतो. घरे, शाळा, दवाखाने बांधावयाचे. जुन्या इमारती बळकट करावयाच्या. लोकांना सावध करण्याची व्यवस्था लावावयाची. वेळ संपली की संकट कोसळते आणि किती जीव गेले, किती मालमत्ता नष्ट झाली, याचा जमाखर्च पडद्यावर उमटतो.

किल्लारीच्या परिसरातील एखाद्या शाळेत हा खेळ कसा खेळला जाईल, याचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे.

वर्ग सातवीचा. संगणक चारच, म्हणून मुलांचे चार गट. प्रत्येक गटात एकाने यंत्र हाताळावयाचे, एकाने पैशाचा हिशेब ठेवावयाचा, एकाने नकाशा पाहावयाचा आणि एकाने प्रत्येक निर्णय वहीत टिपून ठेवावयाचा. उरलेल्यांनी सल्ला द्यावयाचा. खेळातील इंग्रजी सूचनांचा अर्थ गुरुजींनी आधीच फळ्यावर मराठीत लिहून ठेवलेला आहे. मुले मोठ्या हौसेने गाव वसवू लागतात. पाहता पाहता पडद्यावर घरांच्या रांगा उभ्या राहतात. तोच वेळ संपते, पडदा थरथरतो आणि घरे पटापट कोसळतात. मुलांना हसू फुटते. ‘पुन्हा खेळू, पुन्हा खेळू,’ असा गलका होतो.

‘थांबा,’ गुरुजी म्हणतात. ‘आधी वही काढा. कोणती इमारत पडली आणि ती पडण्यापूर्वी आपण काय केले नव्हते, ते लिहा.’

वर्ग शांत होतो. थोड्या वेळाने एक मुलगी उठून म्हणते, ‘गुरुजी, आम्ही सगळे पैसे नवी घरे बांधण्यात घातले. जुनी घरे बळकट करायला काही उरलेच नाही.’ दुसऱ्या गटातील मुलगा सांगतो, ‘आमचा दवाखाना पडला. तो उभा असता, तर जखमी झालेले लोक वाचले असते.’

दुसऱ्या डावात मुले पहिल्यासारखी धावत नाहीत. कोणती इमारत आधी बळकट करावी, यावर वाद होतो. सर्वच काही करण्याइतका पैसा नसतो. म्हणून निवड करावी लागते आणि प्रत्येक निवडीचे कारण द्यावे लागते. पहिल्या डावातील हसण्याची जागा आता विचाराने घेतलेली असते. वास्तविक खेळ तोच, यंत्रही तेच. फरक पडतो तो ‘थांबा’ या एका शब्दामुळे. खेळ चूक दाखवतो. पण चुकीचे कारण शोधावयास लावतो तो शिक्षक. ‘का?’ हा प्रश्न विचारला गेला नाही, तर तोच खेळ शंभर वेळा खेळूनही मूल केवळ बोटे चालवावयास शिकेल.

तिसऱ्या डावापूर्वी एक मुलगा शंका काढतो, ‘गुरुजी, खेळात बटण दाबले की घर बळकट होते. पण खरे घर कसे बळकट करतात?’

गुरुजींना आनंद होतो. ते म्हणतात, ‘प्रश्न तुला खेळाने दिला, उत्तर मात्र खेळात नाही. ते बाहेर अंगणात शोधू.’

अंगणात काचेच्या गोट्या पसरून त्यांवर एक लाकडी फळी ठेवली जाते. फळीवर लहान दगड आणि ओली माती यांच्या दोन छोट्या भिंती रचल्या जातात. एकीत दगडांच्या दोन रांगा आणि मध्ये माती, एवढेच. दुसरीत ठरावीक अंतरावर भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोहोचणारे लांब दगड बसवलेले असतात. दोन मुले फळीची टोके धरून ती मागेपुढे हलवतात. पहिली भिंत पोटातून फुगते आणि ढासळते. दुसरी हलते; पण तिची दोन्ही तोंडे एकमेकांना धरून राहतात. बळकटी केवळ जाडीत नसून जोडणीत आहे, ही गोष्ट सांगण्यासाठी मग व्याख्यानाची गरज उरत नाही.

गुरुजी पुढे सांगतात, ‘१९९३ नंतर अनेक गावे नव्या जागी वसवली गेली. आसपासच्या ज्या जुन्या घरांची डागडुजी झाली, त्यांत हेच उपाय योजले. भिंतीला आरपार छिद्रे पाडून दोन्ही तोंडे जोडली, माळवदावरील माती कमी केली आणि दारे-खिडक्यांच्या वरून घराभोवती सिमेंट-लोखंडाचा सलग पट्टा फिरवला. कमरेला पट्टा आवळावा, तसा तो पट्टा घराच्या चारही भिंतींना बांधून ठेवतो.’

संध्याकाळी मुले घरी जातात. खेळाची हकिकत सांगत असता एका मुलीची आजी मध्येच गंभीर होते. ‘काय ग पोरी,’ ती विचारते, ‘आमच्या मरणाचा खेळ मांडला का तुम्ही?’

हा प्रश्न साधा नाही. ज्या गावात घरटी एखादे माणूस गेले, त्या गावात घरे पडण्याचा खेळ खेळावा काय? मुलगी क्षणभर गोंधळते. मग म्हणते, ‘आजी, खेळातलं घर पडतं, ते आपलं खरं घर पडू नये म्हणून. घर का पडलं, ते गुरुजी आम्हाला वहीत लिहायला लावतात.’

आजी काही वेळ काहीच बोलत नाही. मग ती सांगू लागते. शेजारच्या घराची दगडी भिंत बाहेरच्या बाजूला पडली. पण माळवद लाकडी खांबांवर तसेच तोलून राहिले आणि आतली माणसे वाचली. आदल्या वर्षी, १९९२ मध्येही, जमीन अशीच अधूनमधून हादरत होती. पण पुढे एवढे होईल, असे कोणाला वाटले? ही गोष्ट मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगते. खेळातील घरांना ना माळवद होते, ना लाकडी खांब. कारण ज्यांनी तो खेळ रचला, त्यांच्यासमोर मराठवाड्यातील गाव नव्हते. मुले वहीत नवे पान उघडतात आणि वर लिहितात : ‘खेळाला ठाऊक नसलेल्या गोष्टी’. प्रवाशांच्या दैनंदिन्यांनी जसा तो दूरदेशीचा खेळ सुधारला, तसा आजीच्या आठवणीने या वर्गाचा धडा पुरा होतो.

अशा वर्गाचे हे चित्र कल्पनेतील आहे. परंतु त्यात अशक्य असे काहीच नाही. संगणक थोडे असले, तरी गटाने खेळता येते. वीज गेली, तरी फळी, गोट्या आणि दगड कोठेही मिळतात. सावधगिरी मात्र हवी. बाजारातील कित्येक खेळ शिकवण्यासाठी रचलेले नसून खेळणाऱ्याला धरून ठेवण्यासाठी रचलेले असतात. ते संपत नाहीत. उलट आणखी एक डाव, आणखी थोडे पैसे, असे मागतच राहतात. त्यांत झोप जाते, डोळे शिणतात आणि दिवसाचे तास कोठे गेले, ते कळत नाही. वडीलधाऱ्यांची आठी असते ती या खेळांसाठी. चांगला खेळ ओळखण्याची खूण सोपी आहे. खेळ संपल्यावर मुलाच्या मनात नवा प्रश्न उरला, तर तो खेळ त्याच्या उपयोगी पडला. केवळ पुन्हा खेळण्याची ओढ उरली, तर खेळानेच मुलाचा उपयोग करून घेतला, असे समजावे.

भूकंपाचा हा धडा जुन्या काळचा म्हणून मिटवून ठेवण्याजोगा नाही. नांदेड शहरात २००६ पासून काही काळ जमिनीतून गूढ आवाज आणि सौम्य धक्के यांचा अनुभव लोकांनी घेतला. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेड आणि परभणीपर्यंत जाणवला. त्याच वर्षी १० जुलै रोजी तेथील भूमी पुन्हा हादरली. त्या दिवशी माणसे भीतीने घराबाहेर धावली. मराठवाड्याच्या खेड्यांत दगड-मातीच्या भिंती आणि मातीची माळवदे अजूनही उभी आहेत आणि त्यांच्या छायेत मुले रोज झोपतात.

भूकंप केव्हा येईल, हे आज कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. घर कसे असावे, हे मात्र सांगता येते. खेळातील गाव कोसळले, तर ते पुन्हा वसवण्यास एक बटण पुरते. खऱ्या गावाला ती सोय नाही. म्हणूनच खेळातील गाव मुलांनी शंभर वेळा पाडावे, प्रत्येक वेळी ते का पडले हे शोधावे आणि मग घरी जाऊन आपल्या घराच्या भिंतीकडे एकदा नीट पाहावे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) मराठवाड्यातील जुनी घरे जाड भिंतींची असूनही भूकंपात का कोसळली?
(आ) ‘सुमेरियन गेम’ या खेळात मुलांना कोणता निर्णय घ्यावा लागे?
(इ) पहिल्या डावानंतर गुरुजींनी मुलांना का थांबवले?
(ई) चांगला खेळ कसा ओळखावा, असे पाठात सांगितले आहे?

२. कारणे द्या.
(अ) आजीला खेळाची हकिकत ऐकून वाईट वाटले.
(आ) मुलांनी वहीत ‘खेळाला ठाऊक नसलेल्या गोष्टी’ असे नवे पान उघडले.

३. ‘बळकटी केवळ जाडीत नसून जोडणीत आहे’ या वाक्याचा भिंतीसंबंधीचा अर्थ सांगा. माणसांच्या जीवनास ते कसे लागू पडते, यावर पाच ओळी लिहा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : होत्याचे नव्हते होणे, प्राणांस मुकणे, कपाळावर आठी उमटणे, मनावर ठसणे.

५. उपक्रम : आपल्या गावातील एखाद्या अनुभवी गवंड्याला भेटा. जुनी भिंत बळकट करण्यासाठी तो काय करतो, ते विचारून घ्या आणि आकृती काढून वर्गात सांगा.